‘गाड्या नुसत्या गोल फिरतात’ असं नसतं हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर इंडियानापोलिसच्या ५०० मैल शर्यतीची बातमी आली ती वाचली. बातमी कसली, एक फोटो आणि खाली चार ओळी, त्यात एक ओळ अशी की गाड्या तीन तास गोल गोल फिरतात आणि लाखो माणसं उन्हात बसून ते बघतात याचं नवल वाटतं. आमच्या दुकानात एकच पेपर येतो आणि सगळे वाचतात, शेजारचा वेल्डर लगेच म्हणाला, ‘बरोबर शे ना भाऊ, त्याम्हा काय देखानं?’ आता मी ती शर्यत तिथं बसून बघून आलोय, त्यामुळे राहवलं नाही.

माझं धुळ्यात हायवेला पंप-नोझलचं दुकान आहे, सगळा जन्म डिझेलच्या वासात गेला. जावई अमेरिकेत कोलंबस नावाच्या गावी कमिन्समध्ये इंजिनियर आहे, आपल्याकडच्या जनरेटरवर हे नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं. तिथून इंडियानापोलिस सत्तर एक किलोमीटर. आम्ही मे महिन्यात मुलीकडे गेलो होतो तर जावई म्हणाले, पप्पा, धबधबा नंतर बघू, आधी ही शर्यत बघा, तुमच्या कामाची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो ट्रॅक गोल नाहीच. कोपरे घासलेला लांबट चौकोन म्हणा, दोन बाजू सरळ एक-एक किलोमीटरच्या, दोन बाजू दोनशे मीटरच्या आणि चार वळणं. कागदावर चारही वळणं सारखी, उतार सारखा, नऊ अंशाच्या आसपास, पण वारा एका वळणावर समोरून येतो तर दुसऱ्यावर पाठीतून, म्हणून गाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी वागते. एक फेरी चार किलोमीटरची आणि ती चाळीस सेकंदात होते, म्हणजे मी धुळ्याहून पारोळ्याला पार्ट आणायला निघतो तो पल्ला यांना सहा-सात मिनिटांचा. अशा २०० फेऱ्या, ३३ गाड्या, तीन-तीनच्या अकरा रांगा. सुरुवात तिथल्या पाऊण वाजता, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वादहा झालेले असतात, म्हणून इथं कुणी बघत नाही ते एक समजू शकतो.

आता बसायचं कुठं. मला वाटलेलं कठड्याजवळ बसायला मिळालं म्हणजे नशीब, पण तिथं उलटं आहे. खालच्या ओळीत बसलात तर जाळी दिसते आणि रंगाचा एक पट्टा सपकन जातो, नंबर वाचायच्या आत गाडी गायब. जावयांनी वळणावरच्या वरच्या ओळीतली तिकिटं काढली होती, तिथून गाडी लांबच्या सरळ पट्टीवरून येताना दिसते, वळणात शिरताना दिसते आणि बाहेर पडून पुढच्या वळणाकडे जाताना पण. समोरची बाजू मात्र दिसत नाही, दिसणारच नाही, आतली जागाच एवढी मोठी आहे की तिथं गोल्फच्या मैदानाची चार होल बसवलीत. ट्रॅकच्या प्रत्येक इंचावर एका जागेवरून नजर ठेवायची असेल तर घरी टीव्ही बरा.

मग उरलेलं कळतं कसं? कानाने. आजूबाजूला अर्ध्या लोकांच्या कानात रेडिओ. त्या रेडिओवर वळणावळणावर माणूस बसवलेला असतो आणि गाड्या माझ्या वळणातून निघाल्या की मी गप्प, पुढचा बोलायला लागतो, अशी ती कॉमेंट्री ट्रॅकभर फिरते. याला कारण पण आहे. कित्येक वर्षं त्या शहरात ही शर्यत टीव्हीवर लाइव्ह दाखवतच नव्हते, लोकांनी तिकीट काढून यावं म्हणून, २०१६ ला शंभराव्या शर्यतीची सगळी तिकिटं संपली तेव्हा त्या वर्षापुरती ती बंदी उठवली. त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्या माणसांची सवय रेडिओचीच. शिवाय स्कॅनर नावाचं यंत्र मिळतं, त्यावर ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं बोलणं ऐकू येतं, डिझेल असो नाहीतर पेट्रोल, कुठल्याही मेकॅनिकला यापेक्षा जास्त काय पाहिजे. ‘मागचा उजवा टायर सरकतोय’ असं तो म्हणतो आणि पुढच्या थांब्याला आपण नेमकं त्या चाकाकडे बघतो. चारही चाकं बदलून तेल भरून गाडी दहा सेकंदाच्या आत बाहेर, आमच्या पोरांना तेवढ्या वेळात पाना सापडत नाही. तेल म्हणजे पेट्रोल नाहीच, २०२३ पासून उसाच्या चिपाडाच्या इथेनॉलपासून बनवलेलं इंधन आहे, हे कळल्यावर आपल्याकडचे साखर कारखाने आठवले पण तो विषय वेगळा.

जेवणाचं ऐका. मुलीने सांगितलं आई डबा घे, तिथं चालतं. माझा विश्वास नव्हता, आपल्याकडे एका स्टेडियमवर मॅच बघायला गेलो होतो तर गेटवर पाण्याची बाटली, नातवाचा बिस्किटचा पुडा, सगळं काढून घेतलं आणि आत तीच बाटली तिप्पट भावाने. इथं जगातलं सगळ्यात मोठं क्रीडा मैदान म्हणतात, अडीच लाखाच्या वर खुर्च्या, आणि गेटवरच्या माणसाने आमचा कूलर उघडला, दशम्या बघितल्या, शेंगदाण्याची चटणी बघितली, काचेचं काही नाही ना एवढं विचारलं आणि हसून जा म्हणाला. शेजारी बसलेलं कुटुंब तीन पिढ्या त्याच खुर्च्या दरवर्षी घेतंय म्हणे. त्यांना बिबडी, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, दिली, म्हाताऱ्याने ती एवढ्या कौतुकाने कुरकुर खाल्ली की सौ. आता त्यांना पार्सल पाठवायचं म्हणतेय.

आणि शर्यत सुरू झाली तो क्षण. पहिल्या फेरीत ३३ च्या ३३ गाड्या एकगठ्ठा वळणात येतात, आधी जमीन जाणवते मग आवाज येतो, नवं मांजरपाट टर्रकन फाडावं तसा, आणि मग वारा. वारा गेल्यावर गरम रबराचा वास. थोड्या वेळाने माझ्या दशमीवर बारीक काळे कण दिसले, मी झटकले, जावई म्हणाले पप्पा ते टायरचं रबर, आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी तिकिटाचे पैसे दोनदा दिले असते. १९५२ ला कमिन्सने या शर्यतीत डिझेल गाडी उतरवली होती, टर्बोवाली, म्हणजे इंजिनात जोराने हवा ढकलणारा पंखा असलेली, आणि ती सगळ्यात पुढच्या नंबरावरून निघाली, बाकीचे बघत राहिले. पण टर्बोचं हवा घ्यायचं तोंड खाली ठेवलेलं, त्यात हेच रबराचे कण जाऊन बसले आणि ७१ फेऱ्यांनंतर गाडी बंद. त्याच्या आधी १९३१ ला त्यांचीच एक डिझेल गाडी पूर्ण ५०० मैल एकदाही न थांबता धावली होती. एअर फिल्टर साफ ठेवा म्हणून मी ट्रकवाल्यांना रोज बोंबलून सांगतो, आता हा किस्सा पण सांगतो.

सगळं गोड नाही तिथं. ऊन आपल्यासारखंच लागतं, संडासाला रांगा, आणि शर्यत संपल्यावर गाडी बाहेर काढायला शर्यतीएवढाच वेळ जातो, आसपासचे लोक आपल्या घरापुढच्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावून घेतात आणि संध्याकाळी खुर्ची टाकून आपली गंमत बघत बसतात. आणि हा ट्रॅक पहिल्यापासून असा शहाणा होता असंही नाही. १९०९ ला खडी आणि डांबर टाकून घाईत सुरू केला, रस्ता उखडला, ड्रायव्हर, मेकॅनिक गेलेच पण बघायला आलेली माणसं पण मेली, तेव्हा कुठे ३२ लाख विटा बसवल्या, १९११ ला पहिली ५०० मैल शर्यत झाली आणि त्यातली एक गजभर विटांची पट्टी अजून ठेवलीय. भिंतीला धक्का शोषणारं कुंपण त्यांनी २००२ ला सगळ्यात आधी लावलं. तरी २०२३ ला एक सुटलेलं चाक प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडून पार्किंगमधल्या गाडीवर पडलं, कुणाला लागलं नाही हे नशीब.

प्रेक्षक नाराज झाला तर काय होतं ते याच ट्रॅकवर २००५ ला दिसलं. फॉर्म्युला वनची शर्यत होती, मिशेलिनचे टायर तिथल्या वळणाला टिकेनात म्हणून १४ गाड्या सुरुवातीलाच शर्यत सोडून आत गेल्या, उरल्या सहा. त्यात आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला, भारताचे पहिले पॉइंट तिथले, पण त्या दिवशी लोकांनी हुर्यो केली, बाटल्या फेकल्या. नंतर टायर कंपनीने तिकिटाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली आणि पुढच्या वर्षीची २० हजार तिकिटं स्वतः विकत घेऊन लोकांना दिली.

हे एवढं का लिहिलं, तर मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि आपल्याकडे बैलांच्या शर्यती परत जोरात सुरू झाल्या, चांगलंच झालं, मी पण जातो. पण मागे आपल्याच भागात एका गावची शर्यत बघितली, नाव घेत नाही, तिथं माणसं धावपट्टीतच उभी, जोडी आली की दोन्हीकडे पांगायची आणि मागे परत मिटायची, एक पोरगा चाकाखाली येता येता राहिला. लाऊडस्पीकर दिवसभर चालू पण त्यावर फक्त पाहुण्यांचे सत्कार, कुठली जोडी कुठल्या गावची, किती सेकंदात आली, कोण पुढे गेलं, काही नाही. लांबच्या माणसाने नुसती धूळ बघून घरी जायचं. त्याच्यापेक्षा कुस्तीच्या फडात बरं, तिथला निवेदक पैलवानाचं गाव, वस्ताद, मागची कुस्ती सगळं सांगतो आणि कुस्तीतलं काही न कळणारा पण मान उंच करून बघतो.

कमिट्यांना पैसा जमतो, बक्षिसाला मोटरसायकली लागतात, तर त्यातून दोन्ही बाजूला मजबूत बल्ल्या ठोकून प्रेक्षक मागे ठेवता येतील, जोडीवर लांबून वाचता येईल असा मोठा नंबर टाकता येईल आणि माइक शर्यत समजणाऱ्या माणसाच्या हातात देता येईल. आणि संपादक साहेब, तुमच्या पेपरात अशा शर्यतीची बातमी येते तेव्हा उद्घाटक, प्रमुख पाहुणे, आभार मानणारे यांची नावं अर्धा कॉलम असतात, पहिल्या जोडीचा मालक आणि वेळ शोधून सापडत नाही. यंदाच्या यात्रांपासून ते तेवढं छापा, बातमीदाराला जमत नसेल तर आमच्या दुकानात विचारा, वेल्डरला सगळ्या जोड्यांची वेळ पाठ असते.

आपला,
एक पंप-नोझलवाला, धुळे