बंद घरांचे कॅमेरे पावसाआधी नीट बसवा

संपादक महोदय,

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात आणि कोकणातल्या घरांवर कॅमेरे बसू लागतात. जूनमध्ये घराला कुलूप लागते ते थेट गणपतीपर्यंत. मुंबईत बसून मोबाइलवर खळे दिसत राहावे, एवढीच घरच्यांची अपेक्षा असते. पण जुलै उजाडतो तोवर कुणाचा कॅमेरा मान टाकून जोत्याकडे पाहत असतो, कुणाच्या काचेआड बाष्प धरलेले असते, आणि शिडी लावायला घरी माणूस नसतो. खरेदी करताना मेगापिक्सेल सगळे विचारतात. भिंत कशाची आहे हे कुणी विचारत नाही. बिघाड बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसून भिंतीत पाडलेल्या भोकात असतो, म्हणून हे पत्र.

आपल्याकडची भिंत बहुधा जांभ्याच्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो, मध्येच पोकळ, मध्येच मऊ मातीचा. त्यात हॅमरवर, म्हणजे ठोके देत, ड्रिल चालवले की कडा ढासळतात, ६ मिमीचे भोक सैल होते आणि कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेली, स्क्रू धरणारी इंचभर प्लास्टिकची गिट्टी त्यात नुसती फिरत राहते. भिंतीला गिलावा असेल तर फसगत आणखी मोठी. बाहेरचा गिलावा १५ ते २० मिमी जाड असतो, म्हणजे ती गिट्टी जवळजवळ सगळी गिलाव्यातच अडकते. पहिल्या दिवशी घट्ट वाटते. गिलावा भिजला, वाऱ्याने हिसके दिले की खपलीसकट ब्रॅकेट खाली येतो. कॅमेरा स्वतः जेमतेम अर्ध्या किलोचा. त्याला पाडतो तो पुढे आलेल्या ब्रॅकेटवरचा वारा, मोकळी लोंबणारी केबल आणि तिला धरून झोके घेणारे माकड. हा सगळा ताण वरच्या एकदोन स्क्रूंवर येतो.

म्हणून पहिली पसंती दारावरच्या सिमेंटच्या लिंटेलला किंवा बीमला द्यावी. तिथे हॅमर चालतो. ६ मिमीचा बिट, ३० मिमीची नायलॉन गिट्टी, आणि भोकाची खोली म्हणजे गिलाव्याची जाडी अधिक ४० मिमी. बिटला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. गिट्टी गिलाव्याच्या पार आत, काँक्रीटमध्ये ठोकावी. २० मिमी गिलावा, ३० मिमी गिट्टी, वर ब्रॅकेटची जाडी. हिशेब केला तर ८ नंबरचा अडीच इंची स्क्रू लागतो. खोक्यातले इंची स्क्रू बाजूला ठेवून द्यावेत.

चिऱ्यातच बसवायचे असेल तर हॅमर बंद करून, नुसते फिरवून भोक घ्यावे. ८ मिमीची, ४० मिमी लांब गिट्टी वापरावी आणि ती चिऱ्याच्या मधोमध यावी, सांध्यात नव्हे. जुन्या घरांचे सांधे मातीचे असतात. ड्रिल अचानक आत घुसले तर पोकळी लागली असे समजून दोन इंच सरकावे. सरकायला जागा नसेल तर जाळीची नळी घालून केमिकल अँकर (घट्ट होऊन स्क्रू धरून ठेवणारे रसायन) भरावा आणि नळकांड्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नये. भोकातली पूड फुंकून काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते राहिले की चांगली गिट्टीसुद्धा धरत नाही.

पत्र्याच्या शेडला कॅमेरा लावूच नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत किती छपरांचे पत्रे उडाले ते सर्वांनी पाहिले आहे. वादळ नसतानाही पत्रा थरथरतो आणि मोबाइलवर रात्रभर हालचालीच्या खोट्या सूचना येतात. शेडचा उभा लोखंडी खांब असेल तर त्याला यू-क्लॅम्पने पकडावे. लाकडी वासा चालतो, पण आधी ३ मिमीचे भोक पाडून मगच स्क्रू पिळावा, नाहीतर जुने लाकूड उभे चिरते.

खारी हवा साध्या स्क्रूला फार दिवस टिकू देत नाही. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. घर किनाऱ्याला लागून असेल तर गंजाला आणखी दाद न देणारे ३१६. फरक थोड्या रुपयांचा आहे आणि इथे काटकसर करण्यासारखे काही नाही.

पाण्याचे म्हणाल तर ‘वॉटरप्रूफ’ शिक्का कॅमेऱ्यावर असतो, त्याच्या शेपटीच्या, म्हणजे मागून निघणाऱ्या वायरच्या, जोडांवर नसतो. जोड बंद प्लास्टिक बॉक्समध्ये घ्यावेत आणि बॉक्सच्या तळाला ३ मिमीचे भोक ठेवावे, म्हणजे आत साचलेले पाणी निघून जाते. साधी काळी टेप उन्हात सुटते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. भिंतीतले केबलचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते असावे. केबल बॉक्समध्ये खालून शिरावी आणि त्याआधी तिला झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावून खालची कड मोकळी सोडावी. चारही बाजू बंद केल्या तर मागून झिरपलेले पाणी तिथेच कोंडते.

जागा ठरवताना वळचण आणि पन्हळ चित्रात येऊ देऊ नका. रात्री इन्फ्रारेड प्रकाश त्यांवर आपटून परततो आणि चित्र पांढरे पडते. पागोळ्यांच्या धारा तर त्या प्रकाशात डोळे दिपवतात. उंची ९ ते १० फूट पुरे. १२-१४ फुटांवरून पावसाळ्यात फक्त छत्र्या दिसतात. म्हणूनच एक घुमटाकार कॅमेरा पडवीत, आतल्या दाराशी, सात-साडेसात फुटांवर असावा. तिथे माणूस छत्री मिटतो आणि चेहरा मिळतो. हा हाताच्या टप्प्यात येतो, तेव्हा त्याचे स्क्रू ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे, साध्या पेचकसाने न फिरणारे घ्यावेत. चित्रण साठवणारा रेकॉर्डर मात्र टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर आधी तिथेच हात घालतो.

गावोगावच्या मिस्त्रींना आणि घरमालकांना विनंती आहे की कॅमेऱ्याच्या एस्टिमेटवर कंपनी आणि मेगापिक्सेलच्या खाली आणखी एक ओळ असावी: भिंत कसली, गिट्टी किती मिमीची, स्क्रू कोणत्या स्टीलचा व किती इंची. आणि कॅमेरा चढवण्याआधी, मिस्त्री शिडीवर असतानाच, नुसता ब्रॅकेट दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावा. जरा जरी हलला तरी दुसरे भोक घ्यायला लावावे.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी