आबांनी पाहिलेली कुस्ती

बंगळूर, १२ मे २०२४

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण बाबा, तुम्ही कानातलं यंत्र डबीत ठेवून फोन घेता आणि दर वाक्याला "बरं बरं" म्हणता. हा विषय "बरं बरं"वर सोडण्यासारखा नाही. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. खुराकाचा भाग आला की जरा सावकाश वाच, त्यांना आवडेल.

गेल्या शनिवारी, ४ मेला, सकाळी मोबाईल उघडला तर गूगलच्या नावाच्या जागी एका पहिलवान बाईचं चित्र. हमीदा बानू. सत्तर वर्षांपूर्वी बडोद्यात तिनं बाबा पहिलवान नावाच्या मल्लाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं होतं, त्याची आठवण म्हणून. कौतुकानं वाचत गेले आणि मधेच कोल्हापूरचा उल्लेख आला. पंजाबी मल्लाला बाईनं पाडलं, लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मधे पडावं लागलं. बाबा, ही तर आबांची गोष्ट!

दर दिवाळीला फराळ झाला की आबा ती सांगायचे. बाईनं गड्याला लोळवलं आणि पब्लिक कसं पेटलं. आपण सगळे खो खो हसायचो. आणि शेवटी तुम्ही ठरलेलं वाक्य टाकायचा, "नुरा कुस्ती, दुसरं काय!" म्हणजे आधीच ठरवून केलेली, खोटी. त्या बाईचं नाव ना आबांनी कधी सांगितलं, ना आपण कुणी विचारलं.

तर आता नावासकट ऐका. हमीदा उत्तर प्रदेशातली, पहिलवानांच्या घराण्यातली. मिर्झापूर सोडून ती अलीगढला सलाम पहिलवानाच्या हाताखाली तयार झाली. पेपरवाले तिला 'अलीगढची ॲमेझॉन' म्हणायचे. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. आता आई, सावकाश. रोजचं साडेपाच लिटरच्या वर दूध, पावणेतीन लिटर सूप, जवळजवळ दोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि वर दोन ताटं बिर्याणी. नऊ तास झोप, सहा तास मेहनत. तू विचारणारच, एवढं रांधायचं कोण? ते कुठेच लिहिलेलं नाही. पेपरवाल्यांनी अंडी मोजली, चुलीपाशी कोण होतं ते नाही.

फेब्रुवारी १९५४ मध्ये तिनं आव्हान दिलं, जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक, असे दोघे आले आणि पडून गेले. तिसरा जोड बडोद्याला ठरला होता छोट्या गामा पहिलवानाशी. त्याला बडोद्याच्या महाराजांचा आश्रय. त्यानं ऐन वेळी 'बाईशी लढणार नाही' म्हणून अंग काढून घेतलं. म्हणून बाबा पहिलवान समोर आला, आणि दीड मिनिटात आस्मान बघून गेला. तोपर्यंत आपण तीनशेहून जास्त कुस्त्या मारल्यात, असा तिचा दावा होता.

बाबा, तुमच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसतायत. तीनशे कुस्त्या, आणि त्याही गड्यांशी? तुमची शंका अगदीच हवेतली नाही. ही तालमीतली इनामाची कुस्ती थोडी आणि तिकीट लावून केलेला तमाशा जास्त, असा तो काळ होता. १९४४ मध्ये मुंबईत तिची गुंगा पहिलवानाशी कुस्ती लागली, वीस हजार लोक जमले. ऐन वेळी गुंगानं पैसे वाढवून मागितले, तयारीला वेळ मागितला आणि कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या पब्लिकनं मैदानाची मोडतोड केली. रामचंद्र साळुंखेबरोबरची कुस्ती कुस्ती संघटनेनं हरकत घेतल्यावर रद्द झाली. तिच्या कुस्त्यांवर बंदी आली तेव्हा तिनं थेट मोरारजी देसाईंकडे तक्रार केली, तेव्हा ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचं उत्तर असं, की ती बाई आहे म्हणून बंदी नाही, तिच्यासमोर भरवणारे लोक 'डमी' पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे.

म्हणजे नुरा हा शब्द एकट्या तुमचा नव्हता. काही कुस्त्या ठरवून झाल्या असतील, मी कशाला नाकारू? पण मग मला एक सांगा. गडी गड्याशी नुरा लढला की आपल्याकडे पैसे परत मागतात, भरवणाऱ्याला शिव्या घालतात. इथे दगड कुणाला मारले? त्या पंजाब्याला नाही, पैसे खाणाऱ्यालाही नाही. जिंकलेल्या बाईला.

१९५४ मध्येच मुंबईत तिनं वेरा चिस्तिलिन या रशियन पहिलवान बाईला एका मिनिटाच्या आत पाडलं. या वेराला लोक रशियाची अस्वलीण म्हणायचे. मग ती म्हणाली, आता युरोपात जाऊन लढणार. आणि तिथून पुढे तिचं नाव कुस्तीतून पुसलं जातं. का, ते तिच्या नातवानं आत्ता इतक्या वर्षांनी सांगितलंय. तिनं युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानानं मारून तिचे हात मोडले. शेजारी राहिलेल्या एकानं तर पायांचंही सांगितलं, ती पुढे कित्येक वर्षं काठी टेकत चालायची. सलाम पहिलवानाशी तिचं लग्न झालं होतं असं त्याची मुलगी सांगते, नातू सांगतो झालंच नव्हतं. आई, तुझा पुढचा प्रश्न तोच असणार म्हणून आधीच लिहिलं.

कुस्त्या नुरा असतील बाबा. हात मोडले ते नुरा नव्हते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. हमीदा बानू कुठे राहायची, माहीत आहे? कल्याणला. आपल्या कल्याणला! तिथे त्यांचा दुधाचा धंदा होता. सलाम पहिलवान अलीगढला परत गेला, ती मागे राहिली. दूध विकायची, खोल्या भाड्यानं द्यायची, अगदीच हात आखडला की घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याकडेला बसून विकायची. १९८६ मध्ये वारली. तुम्ही कोल्हापूर सोडून कल्याणला आलात १९७४ साली. म्हणजे बारा वर्षं आपण एकाच गावात होतो. आबा आपल्याकडे दिवाळीला यायचे, गॅलरीत बसून तीच गोष्ट सांगायचे, आणि ती बाई त्याच गावात कुठेतरी काठी टेकत चाललेली असायची.

आई, मी लहान असताना आपलं दूध कुठून यायचं गं? तू दूधनाक्याच्या बाजूला जायचीस एवढं मला आठवतं, पण ते दुधासाठी की शिलाईला, ते आठवत नाही. उगाच काहीतरी जुळवायचं म्हणून विचारत नाही, कल्याणात दूधवाले काय थोडे होते? तरी सांग.

आणि बाबा, अजून एक, रागावू नका. तुम्ही दादाला गादीवर डाव शिकवायचात तेव्हा मी दारात उभी असायचे. एकदा तुम्ही बाहेर गेलात तेव्हा मी त्याचा पाय ओढून पट काढला, तो धाडकन पडला आणि तेवढ्यात तुम्ही आलात. आधी इतके हसलात की डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणालात, "बास आता. जा, आईला मदत कर." दादा बिचारा पुढे दोन वर्षं तालमीत रडत गेला, त्याला मातीची ॲलर्जी होती हे आपल्याला किती उशिरा कळलं!

मागच्या वर्षी मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा मी तुमच्याकडेच होते, टीव्हीवर बघत होतो. फायनलला सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि आपल्या कल्याणची वैष्णवी पाटील. तुम्ही खुर्चीच्या टोकावर येऊन ओरडत होतात, "पट काढ, पट!" जन्माचे कोल्हापूरकर, पण ओरडत होतात कल्याणसाठी. प्रतीक्षानं गदा नेली तर तुम्ही रात्री भात टाकलात. मी स्वयंपाकघरात उभी राहून तुमच्याकडेच बघत होते, टीव्हीकडे नाही.

जून महिन्यात आठ दिवस येते आहे. सकाळी तुमच्याबरोबर काळ्या तलावावर फिरायला येईन. तिथले तुमचे जुने दोस्त आहेत ना, त्यांच्यातल्या कुणाला ती आठवते का बघू. पण त्याआधी तुम्हाला एकच आठवायचं आहे. आबा गोष्ट सांगताना "लोकांनी दगड मारले" म्हणायचे, की "आम्ही दगड मारले"? मी रोज रात्री आठवून बघते आणि मला दोन्ही ऐकू येतं.

तुमची,
शुभा

ता. क. यंत्राच्या बॅटऱ्या कुरिअरनं पाठवल्या आहेत. डबीत ठेवायला नाहीत.