खानापूरकडच्या आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरना

सप्रेम नमस्कार सिस्टर,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण वाडीतल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांच्या वतीने तुमचे जाहीर आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

वडापमधून उतरून धापा टाकत आलेल्या म्हातारीला तुम्ही आधी खुर्चीत बसवता. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं बोलणं बंद. मग स्वेटरची बाही काढून उघड्या दंडाला पट्टा, आणि हाताखाली चादरीची घडी, हात छातीच्या पातळीला येईपर्यंत. त्या घडीसाठीच हे पत्र लिहायला घेतलं. हात लोंबकळत राहिला की बीपी पाच-दहा अंकांनी जास्त दिसतं. पट्टा दंडाला अपुरा पडला तरी तेच. याआधी जिथे जायचो तिथे हे कुणी पाहिलंच नाही. स्वेटरवरूनच पट्टा, बोलता बोलता पंप, आकडा चढा, की वाढवली गोळी! मग पहाटे उठताना भोवळ आणि न्हाणीत पडणं. रांग तुमच्याकडेही लांबच असते, पण तुम्ही कुणाच्या अंगावर वस्सकन गेला नाहीत. उलट, उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजता, आणि वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कार्डावर ठळक लिहिता.

दुसरं ॲस्पिरिनचं. बीपी आहे ना, मग घ्या ही ७५ ची रक्त पातळ करायची गोळी, असं सरसकट चाललं होतं. प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी धरणारे कण, दीड ते साडेचार लाखांत आहेत, म्हणजे काळजी नाही, असंही सांगत. तो आकडा प्लेटलेट किती ते सांगतो, त्या किती चटकन चिकटतात ते नाही, हे तुम्ही समजावलंत. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं. त्या अस्तरातून सुटणारा, प्लेटलेटना आवरून धरणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, वयाने तो आधीच घटलेला असतो, आणि गुठळी लवकर धरते. ॲस्पिरिन हे चिकटणं कमी करते खरं, पण बीपी आटोक्यात नसताना मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती वाढते, पोटातल्याही. सत्तरीपुढच्या धडधाकट माणसांवरचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात हृदयविकार टळण्याचा ठोस फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला.

तरी तुम्ही कुणाची गोळी परस्पर बंद केली नाहीत. अटॅक, स्टेंट, लकवा झालेल्यांना एक दिवसही चुकवू नका म्हणालात. बाकीच्यांना डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिलीत, आणि गुडघ्यासाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्याही त्यात लिहिल्यात, कारण त्यांनी बीपी चढतं आणि ॲस्पिरिनबरोबर पोटातून रक्त जायचा धोका वाढतो.

एक विनंती. डांबरासारखी काळी शी झाली तर ते पोटातलं रक्त असू शकतं, त्याच दिवशी यायचं, हे तुम्ही आम्हाला सांगितलंत. आशाताईंकरवी ते वरच्या वाड्यांतही पोचवा. तिथे अजून सगळेच ती गोळी घेतात.

तुमचे,
वाडीतले सगळे