पडद्यावरचा शॉक

संपादक महोदय,

सिनेमातला मनोरुग्ण एक तर खुनी असतो नाहीतर विदूषक, अशी तक्रार नेहमी होते आणि ती खरीच आहे. पण आमच्या मते जास्त घात करतं ते उपचाराचं दृश्य. आजार कसा असतो हे घरच्यांना रोज समोर दिसतं. उपचार मात्र त्यांनी फक्त सिनेमात पाहिलेला असतो.

शॉकचंच घ्या, म्हणजे डोक्याला वीज देऊन करायच्या उपचाराचं. चार वॉर्डबॉय पेशंटला दाबून धरतात, तो पूर्ण शुद्धीत किंचाळतो, आणि हे सगळं बहुधा शिक्षा म्हणून. १९३८ साली रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा खरंच भूल देत नसत. विजेने येणाऱ्या झटक्याने (फिटने) हाडंही मोडत. पडदा अजून तिथेच अडकलाय. आज पेशंटला सहा-आठ तास उपाशी ठेवतात, शिरेतून भूल देतात, मग स्नायू सैल करणारं इंजेक्शन, दातांत रबरी ठोकळा, मास्कने ऑक्सिजन. वीज जाते ती काही सेकंदच. सैल करणारं औषध देण्याआधी एका पायाला घोट्याच्या वर बीपीचा पट्टा आवळून ठेवतात, म्हणजे ते औषध त्या पावलात उतरत नाही. झटका आलाय हे ते एक पाऊल थरथरतं त्यावरून कळतं. बाकीचं अंग जवळजवळ स्थिर असतं. साधारण अर्ध्या-एक मिनिटात तेही थांबतं. आठवड्यातून दोन-तीनदा, असे सहा ते बारा शॉक. नंतर डोकं दुखतं, अलीकडच्या काही गोष्टी विसरायला होतात. हे घरच्यांपासून लपवू नये. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९५ भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला मनाई करतं. म्हणजे पडद्यावरचा शॉक आज सरळ बेकायदा आहे.

आणि तरी अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पेशंटचे नातेवाईक म्हणतात, ‘काहीही करा, पण शॉक नको.’ होकार यायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढा वेळ त्या शरीरात नेहमी असतोच असं नाही.

दुसरी गोष्ट बरं होण्याच्या वेगाची. डोक्यावर मार बसला, जुनं गाणं कानावर पडलं, नायिकेने मिठी मारली की इंटरव्हलनंतर माणूस शहाणा! नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात; मळमळ आणि कोरडं तोंड मात्र पहिल्याच आठवड्यात. त्रास आधी, गुण नंतर. म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या कपाटात जातात. ज्यांना गुण येतो तेही महिनाभरात बंद करतात. बरं वाटल्यावर निदान सहा महिने गोळ्या चालू हव्यात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू कमी करत. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला सिनेमाने शोधला नसेल, पण तिकीट लावून खपवला त्यानेच.

स्किझोफ्रेनियाला आपण मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतो. लोक त्याचा अर्थ एका देहात दोन माणसं असा घेतात, आणि सिनेमा त्या दोघांना दोन पोशाख शिवून देतो. खऱ्या आजारात कानात आवाज येतात, संशय येतो, अंघोळ-जेवण सुटतं. २००४च्या ‘देवराई’ या मराठी सिनेमात तो आजार आणि भावाला सांभाळणारी बहीण नीट दाखवली होती, म्हणजे जमत नाही असं नाही.

ग्वाल्हेरला स्वतःची मानसिक आरोग्यशाळा आहे, पण ‘वेडा’ म्हणून चिडवायला आपल्याला आग्र्याचं वेड्यांचं इस्पितळच लागतं. गावातल्या ओपीडीची वाट विचारायला मात्र लोक लाजतात. निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्या घरी फिरवता येतो. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

आपल्या सिनेमाच्या पानाकडे एकच मागणं. परीक्षणात अभिनयाला तारे देताना, शॉकच्या दृश्यात भूल देणारा डॉक्टर होता की नाही, तेवढं एका ओळीत लिहीत चला.

– मनोविकार वॉर्डातल्या दोन परिचारिका,
लष्कर, ग्वाल्हेर