तेर वगळलं, नळदुर्ग अंधारात उरकला: सहल कंपनीला तक्रार पत्र

मा. व्यवस्थापक,
सहल विभाग

विषय: ‘तेर–तुळजापूर–नळदुर्ग’ या एकदिवसीय सहलीत जाहीर केलेली ठिकाणे न दाखवल्याबद्दल व निम्मे भाडे परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी लातूरची रहिवासी. डिसेंबरमधल्या आपल्या वरील सहलीला मी, माझी आत्या आणि माझा सहावीतला मुलगा असे तिघं आलो होतो. माणशी 1,450 रुपये आगाऊ भरले. पत्रकात सकाळी तेर, दुपारी तुळजापूर आणि त्यानंतर नळदुर्गचा किल्ला ‘निवांत’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात तेर पाहिलंच नाही, आणि नळदुर्गला बस लागली तेव्हा दिवस मावळायला आला होता.

आधी तेरचं सांगते, कारण आम्ही आलो होतो ते तेरसाठी. ढोकीला चहा झाला. तिथून तेर जवळच आहे, पण आपल्या सहल व्यवस्थापकांनी गाडी सरळ धाराशिवकडे घ्यायला लावली. ‘येताना करू’ म्हणाले. येताना बस नळदुर्गहून उमरगा, किल्लारी, औसा अशी लातूरला आली. त्या वाटेवर तेर येतच नाही. म्हणजे ‘येताना करू’ म्हणतानाच त्यांना ठाऊक होतं की करायचं नाहीये. मी रस्त्यात पुन्हा विचारलं, तर उत्तर मिळालं, “मॅडम, खेडंय ते, काय बघणार तिथं?”

ज्या गावाला हे असं म्हणाले ते गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या जोडीनं तगरचं नाव आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. तेरचं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या बांधकामांत मोजलं जातं. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच माणसानं गावातून आणि शिवारातून जमवलेल्या वस्तूंवर तिथलं शासकीय संग्रहालय उभं आहे. मणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती बाहुली, सगळं तिथंच सापडलेलं. मुलाला इतिहासाच्या पुस्तकात सातवाहन आहेत. त्यांच्या काळातली माणसं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कुठं राहत होती हे त्यानं डोळ्यांनी पाहावं, एवढ्यासाठी मी ही सहल निवडली होती.

आणि आत्या. ती वारकरी आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, देवळात वाहायला तिनं बुक्क्याची पुडी, तुळशीची माळ आणि नारळ घेतलं होतं. ढोकीपासून ती पिशवी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही. तिला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही की तेर रद्द केलंय. औसा आल्यावर तिनंच मला विचारलं, “अगं, तेर कधी येणार?” याचं उत्तर आपल्या माणसांनी द्यायला हवं होतं. ते मला द्यावं लागलं.

तुळजापूरच्या दर्शनाला जो वेळ लागला त्याबद्दल माझी तक्रार नाही. गर्दीत वेळ लागतोच. पण सकाळी धाराशिवच्या पुढं एका आयुर्वेदिक तेलाच्या दुकानात आणि दुपारी हायवेवरच्या ठरलेल्या धाब्यावर मिळून जवळजवळ तीन तास गेले. दुकानाचा पत्रकात उल्लेखही नाही. तिथं सगळ्यांना उतरवून दुकानात पाठवलं आणि बसचं दार बंद ठेवलं. एवढ्या वेळात तेर सावकाश पाहून झालं असतं.

नळदुर्गला काय झालं तेही लिहिते. पत्रकाच्या पहिल्या पानावर नर-मादी धबधब्यांचा फेसाळता फोटो आहे आणि खाली ‘पाणी महालात बसून धबधबा अनुभवा’ असं लिहिलं आहे. हे धबधबे बोरी नदीवर वरचं धरण भरून पाणी सुटलं की वाहतात, म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी, पावसाळ्यात. डिसेंबरच्या सहलीवर तो फोटो छापणं ही दिशाभूल आहे. बसमधली लहान मुलं ‘पाणी कुठंय?’ म्हणून विचारत होती.

पाणी नसतानाही तो किल्ला पाहण्यासारखा आहे, याचंच वाईट वाटतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये बांधलेला नदीवरचा बंधारा नळदुर्ग आणि समोरचा जोडकिल्ला रणमंडळ यांना जोडतो, आणि बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे. वरून पाणी कोसळत असताना आत बसलेला माणूस भिजत नाही, अशी ती रचना. हे मी मुलाला सांगितलं, गाईडनं नाही. गाईडनं मोबाइलवरून चार ओळी वाचल्या आणि म्हणाला, “बाकी नुसत्या भिंती आहेत, फोटो काढून घ्या.” उपळी बुरुजाच्या पायऱ्या निम्म्या चढतो न चढतो तोच रखवालदाराची शिट्टी झाली. खाली महालात उतरताच आलं नाही. मुलं परत फिरायला तयार नव्हती.

गावात तर बस थांबलीच नाही. नळदुर्गच्या एकाही हॉटेलात कुणी चहा प्यायलं नाही. छोट्या गावांच्या नावावर सहल विकायची आणि पैसा हायवेवरच्या कमिशनच्या दुकानात पोहोचवायचा, हे मला मान्य नाही. मराठवाड्यात बघण्यासारखं काही नाही, असं आम्ही बाहेरच्यांकडून ऐकत आलो आहोत. आमच्याच भागातल्या कंपनीकडून ते ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

माझी मागणी अशी. तेर न दाखवल्याबद्दल आणि नळदुर्ग अर्धवट उरकल्याबद्दल आमच्या तिघांचं निम्मं भाडं, 2,175 रुपये, परत करावं. त्या बसमधल्या इतर प्रवाशांनाही तसंच द्यावं. पत्रकातला धबधब्याचा फोटो हिवाळी सहलींवरून काढावा, दुकानाचा थांबा ठेवायचाच असेल तर तो आधी छापावा, आणि तेर सकाळी पहिलं घ्यावं. नळदुर्गला गावातलाच माहितगार माणूस गाईड म्हणून घ्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांसाठी मी लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे.

आपली,
सीट क्रमांक 14, 15 व 16 ची प्रवासी
लातूर

सोबत: पावती, छापील पत्रक आणि नळदुर्गच्या दारात बस पोहोचल्याच्या वेळेचा फोटो.