माझ्यासोबत नाक दाबून वाइन चाखणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला न विचारता तसं करणं बरं नाही. पण वाचलंत तर लगेच कळेल की हे तुम्हालाच आहे. द्राक्षबागेला लागून असलेली तुमची छोटीशी वाइनरी, तुम्ही आणि तुमचा भाऊ मिळून चालवता ती. आणि मी ती, जिला वास येत नाही. त्या दिवशी निघताना मला नीट थँक्यू पण म्हणता आलं नाही, घसा दाटून आला होता आणि सगळे गाडीत बसले होते, म्हणून मी नुसता तुमचा हात धरला आणि निघाले. तेव्हापासून रोज मनात हे पत्र लिहितेय, आज एकदाचं टाइप करतेय.

व्हायरल तापानंतर माझा वास गेला. ताप उतरला, खोकला गेला, अंगात ताकद आली, पण वास काही परत आला नाही. सुरुवातीला लोक विचारायचे, मग तेही थांबलं. ज्यांचं नाक शाबूत आहे त्यांना वाटतं की वासच गेलाय ना, त्यात काय एवढं. जिभेला कळतं फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्शा-सूपमध्ये लागते ती भरीव चव), बाकी आपण ज्याला चव म्हणतो त्यातला खूप मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो, हे मलाही वास गेल्यावरच कळलं. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी झालं. दूध उतू जाऊन जळलं तरी शेजारच्या खोलीत मला पत्ता नसतो. आणि माझ्या मुलाच्या केसांचा वास, तो मला आठवतो असं मी म्हणते, पण खरंच आठवतो का तेही आता सांगता येत नाही. ह्याचं दुःख कोणाला दाखवता येत नाही हो, प्लास्टर नाही, काठी नाही, बाहेरून मी अगदी ठणठणीत.

पहिल्या डॉक्टरांनी नाकात टॉर्च मारला आणि दोन मिनिटांत सांगितलं, सवय करून घ्या, ह्यावर काही नसतं. संपलं. नंतर माझं मीच वाचत बसले तेव्हा कळलं की वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, आणि २००९ साली जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल ह्यांच्या टीमने गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोनदा, १२ आठवडे हुंगायला लावून काही लोकांमध्ये फरक पडल्याचं दाखवलं होतं. सगळ्यांना फरक पडतोच असं नाही, पण प्रयत्न करण्यासारखं काहीतरी आहे एवढं तरी त्या डॉक्टरांनी सांगायला हवं होतं ना! तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी रात्री शांत झोपले असते.

आणि वाइनरीबद्दल सांगायचं तर तुमच्या आधी आम्ही ग्रुपने एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो. नाव घेत नाही. चकाचक टेस्टिंग रूम, मोठमोठ्या काचा, सगळं देखणं. तिथला मुलगा एकेक ग्लास ओतून विचारत होता, कसला वास येतोय, सांगा सांगा, आणि सगळे उत्साहाने पेरू, गुलाब, मिरी असं काय काय सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, मग मॅडम तुम्हाला पाणी दिलं तरी चालेल की! सगळे हसले, माझ्यासोबतचेही हसले. पुढच्या फेरीला त्याने माझा ग्लास चक्क वगळला, उगाच वाया कशाला घालवायची म्हणून. मी काहीच बोलले नाही. घरी येऊन खूप रडले. लोक म्हणतील पाहुण्याला हसवायला केलेला साधा जोक होता, मनावर काय घ्यायचं. पण पैसे घेऊन ज्याला आत बोलावलंय त्याच्या दुखण्यावर जोक मारून बाकीच्या टेबलाला हसवायचं हे मला तरी साधं वाटत नाही, आज पण नाही वाटत.

म्हणून तुमच्याकडे यायचं ठरलं तेव्हा मी घरातूनच सांगून निघाले होते की मी बाहेर बसेन, तुम्ही करा टेस्टिंग. आणि तशी बसलेही होते, वेलींच्या ओळी संपतात तिथल्या बाकावर. तुम्ही बाहेर आलात, ग्लास पुसायचं फडकं तसंच खांद्यावर होतं, आणि विचारलंत, ऊन लागतंय ना, आत का नाही बसत? मी म्हटलं, मला वास येत नाही, माझा काही उपयोग नाही आत. तुम्ही अरेरे म्हणाला नाहीत. कधीपासून, कशाने, अमुक औषध घेतलंस का, ह्यातलंही काही नाही. थोडा वेळ उभ्या राहिलात आणि म्हणालात, अगं, मग तुला बाकीचं सगळं आमच्यापेक्षा नीट कळत असेल, चल बघू.

आत आल्यावर तुम्ही मला टेबलाच्या टोकाला नाही, तुमच्या समोर बसवलंत. दोन ग्लासांत तीच वाइन ओतलीत, एक माझ्यापुढे, एक तुमच्यापुढे. आणि मग डाव्या हाताच्या चिमटीत स्वतःचं नाक घट्ट दाबून धरलंत, म्हणालात, आता आपण दोघी सारख्या, आणि घोट घेतलात.

ताई, हेच. बाकी तुम्ही पुष्कळ केलंत, पण मी हे पत्र लिहितेय ते ह्या एका गोष्टीसाठी. तुमचं सगळं काम नाकावर चालतं. कुठली टाकी बिघडायला लागलीय, कुठलं पिंप तयार झालंय, हे तुम्ही आधी वासाने ओळखता, तुमच्या भावानेच सांगितलं की घरात सर्दी झालेल्या माणसाला तुम्ही जवळ उभं करत नाही. आणि त्याच नाकाला तुम्ही एका अनोळखी बाईसाठी, टेबलाभोवती बाकी पाहुणे ताटकळत असताना, बोटांनी बंद केलंत. एका घोटापुरतं नाही, ती अख्खी वाइन संपेपर्यंत. नाकात बोलत होतात, हां, आंबट, कडेला, आणि आता बघ, दातांवर कोरडं कोरडं, तुला येतंय का? आणि मला येत होतं! खरंच येत होतं. इतक्या काळानंतर पहिल्यांदा असं झालं की कोणीतरी विचारतंय तुला काय जाणवतंय, आणि माझ्याकडे सांगायला उत्तर आहे. मग टेबलावरचे बाकीचेही नाक धरून प्यायला लागले, मागच्या वेळी हसले होते तेही, छान वाटलं ते, पण ते तुमचं बघून. तुम्ही कोणाचं बघून केलं नव्हतं.

त्यानंतरचा तास मला जवळजवळ शब्द न् शब्द आठवतो. तुम्ही सांगितलंत की बहुतेक काळ्या द्राक्षांचाही गर आतून पांढुरकाच असतो, लाल वाइनला रंग येतो तो सालींचा, कारण ती साली-बियांसकट आंबवतात, आणि पांढऱ्या वाइनचा रस आधीच दाबून वेगळा काढतात. त्या साली-बियांतून टॅनिन नावाचं तुरट द्रव्य येतं, ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं म्हणून तोंड कोरडं पडतं, आणि हे स्पर्शाने कळतं, त्याला नाक लागतच नाही. मग तीच लाल वाइन तुम्ही थोडी थंड करून परत दिलीत आणि तुरटपणा किती बोचरा झाला ते मी स्वतः ओळखलं, तुम्ही न सांगता. एका पांढरीच्या दोन प्रकारांत एक धारदार होती आणि एक लोण्यासारखी गुळगुळीत, तर म्हणालात दुसरीत बॅक्टेरियांनी मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल केलंय, आधीचं आम्ल कच्च्या सफरचंदातलं, नंतरचं दह्यातलं. आणि ती उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लाल, जी घशातून उतरताना ऊब देत गेली. वेलीवर जास्त पिकली, साखर वाढली, आणि लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणून ही जरा चढीच आहे, जपून घे. मी म्हटलं ही गरम आहे, तर तुम्ही भावाला हाक मारून म्हणालात, बघ, हिने बरोबर ओळखली. एवढीशी गोष्ट, पण त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी ती पुन्हा पुन्हा आठवत होते.

ग्लास खिडकीकडे धरून आतल्या कडेवरून ओघळणारे थेंबही तुम्हीच दाखवलेत, की बघ, हे बघायलाही नाक लागत नाही. अल्कोहोल आधी उडून जातं, काचेवरच्या पातळ थरात पाणी जास्त उरतं, पृष्ठताण म्हणजे पृष्ठभागाची ओढ वाढते आणि तो थर खालचा द्रव वर ओढून घेतो, मग त्याचे थेंब होऊन खाली येतात. घरी येऊन शोधलं तर १८५५ मध्येच जेम्स थॉमसन ह्या शास्त्रज्ञाने हे समजावून सांगितलं होतं. शोधता शोधता अजून एक सापडलं ते तुम्हाला सांगायचंच आहे. फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनला वापरतात तशा शब्दांत केलं, २००१ साली छापून आलेला प्रयोग आहे हा. म्हणजे ज्यांचं नाक चांगलं आहे तेही बराचसा वास डोळ्यांनी घेतात. त्या पाणी-वाल्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवं.

आणि निघायच्या आधी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, घरी गॅसचा अलार्म लावलायस का गं? मी गप्प. तर म्हणालात, आंबवण चालू असते तेव्हा आमच्या तळघरात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याला वासच नसतो, तिथे माझं एवढं नाकही कामाचं नाही, म्हणून आम्ही मशीन लावलंय आणि एकट्याने कोणी खाली उतरत नाही, तू पण लाव. घरच्यांनी, डॉक्टरांनी, मित्रमैत्रिणींनी, कोणीही मला हे विचारलं नव्हतं. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात गॅसचा आणि हॉलमध्ये धुराचा असे दोन्ही अलार्म लावून घेतले. हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी वास गेलेलं माणूस असेल तर कृपया आजच लावा.

मला लोक म्हणाले की छोट्या ठिकाणी असंच असतं, मालक स्वतः ओततो, वेळ देतो, घरगुती वातावरण असतं. मला नाही पटत. छोट्या ठिकाणीही मी तुसडेपणा बघितलाय, तासभर थांबवून ठेवतात आणि वर आपल्यालाच ऐकवतात, आणि मोठ्या ठिकाणीही एखादा वेटर इतका चांगला भेटतो की बस. तुमच्याकडे वेळ होता असंही नाही, त्या दिवशी दोन ग्रुप एकदम आले होते आणि भाऊ एकटा धावत होता. पण समोरचा माणूस कुठे अडकलाय ते तुम्ही बघितलंत आणि त्याला ओढून आपल्याकडे आणायच्या ऐवजी स्वतः तिथे गेलात. हे कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं वाटत नाही, तुमच्या आईवडिलांनी शिकवलं असेल किंवा तुम्ही तशाच आहात. आपल्याकडे चांगलं बोलणाऱ्यांचं खूप कौतुक होतं, पण त्या दिवशी तुम्ही तर फार काही बोललाच नाहीत. जी माणसं गाजावाजा न करता अशी वागतात त्यांच्याबद्दल कोणी कुठे काही लिहीत नाही, आणि एका वाईट अनुभवावर मात्र आपण पानंच्या पानं लिहितो. म्हणून मी हे इतकं लांबलचक लिहितेय, आणि अजून लांब झालं तरी चालेल मला.

वास अजून आलेला नाही, हे पण सांगते, म्हणजे तुम्हाला हुरहूर नको. त्या चार वासांच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ हुंगते, लवंगेच्या बाटलीला कधी कधी नाकात आत काहीतरी टोचल्यासारखं होतं, तो वास आहे की नुसती झणझण ते ठरवता येत नाही. पण जेवायला बसले की आता मी कुरकुरीत, मऊ, आंबट, गरम, कोरडं असं एकेक बघत जेवते, तुम्ही शिकवलंत तसं. आणि बाहेर कोणी बोलावलं तर जाते.

तुम्ही म्हणाला होतात हंगामात ये, टाकीत सालींचा थर वर येतो तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, ते तुला करायला देईन. मी येणार आहे, खरंच. बहीण पण असेल, गाडी तिलाच चालवायची असते म्हणून ती थेंबही घेणार नाही, तिला ताजा रस द्या. भावाला माझा नमस्कार सांगा. आणि त्या उशिरा तोडलेल्या लालच्या दोन बाटल्या माझ्यासाठी बाजूला ठेवाल का प्लीज, त्या दिवशी निघायच्या घाईत घ्यायच्या राहिल्या.

तुमची,
बाकावर बसलेली ती