फिल्टरपेक्षा 'मिनिएचर' बरा

मा. संपादक,

सहलीच्या प्रत्येक फोटोवर एचडीआर (उजेड-सावलीतले तपशील उठावदार करणारा फिल्टर) चढवायची हौस आवरा. डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. त्यापेक्षा 'मिनिएचर' इफेक्ट करून पाहा; एक पट्टा स्पष्ट ठेवून बाकीचं धूसर केलं की खरं दृश्य खेळण्यातल्यासारखं दिसतं. फोटो उंचावरून, खाली बघत काढलेला हवा. मुंबईत कमला नेहरू पार्कमधून दिसणारा मरीन ड्राइव्ह चालेल. स्नॅपसीड या फोटो-एडिटिंग ॲपच्या 'लेन्स ब्लर'मध्ये स्पष्ट भागासाठी गोलाऐवजी सरळ पट्टा निवडून वाहनांवर आणा, व्हिन्येट (कडांचा काळोख) शून्य करा. मग सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) २५-३० वाढवा, कारण खेळणी भडकच असतात.

फसतं ते उंच इमारतीपाशी. तळ स्पष्ट, माथा धूसर! खऱ्या लेन्समध्ये धूसरपणा अंतरावर ठरतो. इथे मात्र फक्त चौकटीतल्या जागेवर. अशी इमारत आधीच क्रॉप करून वगळावी.

– एक वाचक, ठाणे